साइट पुन्हा बंद: डोमेन, डीएनएस, सर्टिफिकेट की होस्टिंग, हे क्रमाने कसे शोधायचे

स्वतःचे डोमेन आणि होस्टिंग सांभाळणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘साइट डाऊन आहे’. तीन शब्द, पण त्यामागे चार वेगळ्या गोष्टी असतात. डोमेन, म्हणजे साइटचे नाव, एकीकडे नोंदवलेले; डीएनएस, म्हणजे त्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा, दुसरीकडे; होस्टिंग, म्हणजे साइटच्या फाइली ठेवलेला सर्व्हर, तिसरीकडे; आणि सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी आणि जोडणी सुरक्षित असल्याचा दाखला, आपोआप येणारे. यातल्या कुठल्याही एकाची मुदत संपली किंवा नोंद चुकली, तरी पडद्यावर परिणाम साधारण सारखाच दिसतो. होस्टिंगवाला सांगतो सर्व्हर चालू आहे, डोमेनवाला सांगतो डोमेन ॲक्टिव्ह आहे, आणि बऱ्याचदा दोघेही खरे बोलत असतात.

म्हणून पहिला नियम: दुवा कुठला तुटलाय हे कळेपर्यंत एकही सेटिंग बदलायचे नाही. मूळ बिघाड दहा मिनिटांचा असतो, पण घाबरून नेमसर्व्हर (डोमेनच्या डीएनएस नोंदी ज्यांच्याकडे असतात ते सर्व्हर) बदलले की तोच दोन दिवसांचा होतो.

लक्षणे

ब्राउझर जो संदेश दाखवतो त्याचा स्क्रीनशॉट घ्या, वेळेसकट. ‘काहीतरी एरर येतेय’ यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

- ‘डीएनएस प्रोब फिनिश्ड एनएक्सडोमेन’ किंवा ‘सर्व्हर आयपी ॲड्रेस सापडला नाही’: नावावरून पत्ताच मिळत नाही. डोमेनची मुदत किंवा डीएनएस. होस्टिंगला इथे हात लावू नका.
- साइटच्या जागी जाहिरातींचे किंवा ‘हे डोमेन विक्रीला आहे’ असे पान: मुदत संपली.
- ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ किंवा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: पत्ता मिळाला, पण त्या पत्त्यावर कुणी दार उघडत नाही. सर्व्हर बंद, पत्ता जुना, किंवा तुमचा आयपी, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा पत्ता, सर्व्हरच्या फायरवॉलने (संशयास्पद पत्ते अडवणाऱ्या यंत्रणेने) अडवलेला.
- ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’: सर्टिफिकेट. खाली ‘डेट इनव्हॅलिड’ असेल तर मुदत संपली, ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ असेल तर सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचे आहे.
- ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’: बहुतेक वेळा क्लाउडफ्लेअर (तुमच्या सर्व्हरच्या पुढे उभी राहून पाहुण्यांना उत्तर देणारी सेवा) आणि होस्टिंग यांची एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणीची, सेटिंग एकमेकांशी भांडत असतात.
- ५००, ५०३, ५०८, पांढरे पान किंवा ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’: डोमेन आणि डीएनएस ठीक आहेत. बिघाड होस्टिंगच्या आत आहे.
- क्लाउडफ्लेअरचा ५२१ किंवा ५२२: क्लाउडफ्लेअर चालू आहे, त्यामागचा तुमचा सर्व्हर उत्तर देत नाही.

अर्धवट लक्षणे याहून बोलकी असतात. घरी उघडते, दुकानात उघडत नाही. मोबाइल डेटावर बंद, ब्रॉडबँडवर चालू. दोनदा रिफ्रेश केले की येते, तिसऱ्यांदा जाते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून उघडते, न लावता नाही. साइट ठणठणीत, मेल बंद. दर तीन महिन्यांनी त्याच सुमारास बंद. यातले प्रत्येक लक्षण पुढच्या एकेका तपासणीकडे नेते.

१. बंद आहे ती सगळ्यांसाठी की फक्त तुमच्यासाठी?

लाइट गेली की आपण आधी शेजाऱ्यांकडे डोकावतो, तसेच इथे. फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा, तीही इनकॉग्निटो विंडोमध्ये, म्हणजे जुना कॅश (साठवलेली प्रत) मध्ये येणार नाही. नाव दोन्ही प्रकारे टाइप करा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. मग दुसऱ्या गावातल्या एखाद्याला उघडायला सांगा. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटे, आणि बऱ्याच तक्रारी इथेच निकालात निघतात.

बाहेर सगळीकडे उघडते आणि फक्त ऑफिसच्या किंवा दुकानाच्या इंटरनेटवर उघडत नाही, यामागचे कारण सहसा एकच. शेअर्ड होस्टिंगच्या, म्हणजे अनेकांच्या साइट एकत्र ठेवलेल्या, सर्व्हरवर अशी यंत्रणा असते, जी चुकीच्या पासवर्डने वारंवार लॉगिन करणारा आयपी काही काळ अडवते. कुणीतरी मेलचा पासवर्ड बदललेला असतो, आणि काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरमधल्या आउटलुकमध्ये जुनाच राहिलेला असतो. आउटलुक दर काही मिनिटांनी तो पासवर्ड घेऊन सर्व्हरवर धडकतो, सर्व्हर आयपी अडवतो, आणि त्या राउटरमागचे सगळेच फोन-कॉम्प्युटर साइटला मुकतात. अडवणूक तात्पुरती असेल तर साइट तासाभराने आपोआप ‘सुरू’ होते आणि पुन्हा बंद पडते. त्यामुळे सर्व्हरच डळमळीत आहे असे वाटते.

उपाय: ऑफिसच्या इंटरनेटवरून ‘माझा आयपी काय’ असे गूगलवर शोधा, तो आकडा होस्टिंगच्या सपोर्टला द्या आणि ‘हा आयपी फायरवॉलमध्ये अडकलाय का, कुठल्या कारणाने’ असे विचारा. कारण विचारणे महत्त्वाचे. लॉगमध्ये कुठला मेलबॉक्स चुकतोय ते त्यांना दिसते. तो पासवर्ड आधी दुरुस्त करा, मग आयपी मोकळा करायला सांगा. उलट्या क्रमाने केले तर पुन्हा अडकाल.

आणखी एक किरकोळ शक्यता: सर्व्हर बदलताना चाचणीसाठी कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावाचा पत्ता हाताने ठरवायची फाइल) टाकलेली ओळ तशीच राहिलेली असते. फक्त त्या एका कॉम्प्युटरवर जुनी साइट दिसते. विंडोजमध्ये सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरमध्ये ती फाइल सापडेल. ओळ काढा, विषय संपला.

२. डोमेनची तारीख आणि स्थिती

आयकॅनच्या, म्हणजे डोमेन नावांची जागतिक व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या, लुकअप पानावर डोमेन टाका. .इन असेल तर निक्सीच्या, म्हणजे .इनच्या रजिस्ट्रीच्या (.इनच्या सगळ्या नावांची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेच्या), पानावर. तीन गोष्टी लिहून घ्या: मुदत संपण्याची तारीख, रजिस्ट्रारचे, म्हणजे डोमेन जिच्याकडे नोंदवले त्या कंपनीचे, नाव आणि ‘स्टेटस’पुढचे शब्द. बहुतेक जण तारीखच बघतात, आणि नेमके तिथेच फसतात.

.कॉमसारख्या डोमेनची मुदत संपली की रजिस्ट्री ती स्वतःहून एका वर्षाने पुढे ढकलते. रजिस्ट्रारला तुमच्याकडून पैसे मिळाले नसले तरीही. त्यामुळे लुकअपमध्ये पुढच्या वर्षाची तारीख दिसते आणि साइट मात्र बंद. अशा वेळी स्टेटसमध्ये ‘ऑटो रिन्यू पीरियड’ असे लिहिलेले असते. खरी परिस्थिती रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये लॉगिन केल्यावरच कळते.

स्टेटसचे बाकीचे शब्द असे वाचा. ‘ओके’ किंवा ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ असेल तर सगळे नीट आहे. दुसरा शब्द म्हणजे फक्त डोमेन पळवले जाऊ नये म्हणून लावलेले कुलूप. ‘क्लायंट होल्ड’ म्हणजे रजिस्ट्रारने डोमेन थांबवले आहे. ‘सर्व्हर होल्ड’ म्हणजे रजिस्ट्रीने. ‘रिडेम्प्शन पीरियड’ म्हणजे मुदतीनंतरची सवलतही संपली: इथून ३० दिवसांत डोमेन परत मिळवता येते, पण त्याची फी नेहमीच्या नूतनीकरणाच्या कितीतरी पट असते. त्यानंतर ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’. त्या पाच दिवसांत कुणीच काही करू शकत नाही, आणि नंतर डोमेन कुणालाही घेता येते.

पैसे भरलेले असूनही क्लायंट होल्ड दिसत असेल तर मेल तपासा. नवे डोमेन घेतले किंवा मालकाचा तपशील बदलला की रजिस्ट्रार ईमेल पडताळणीची लिंक पाठवतो. आयकॅनच्या नियमाप्रमाणे १५ दिवसांत ती पडताळणी झाली नाही तर त्याला डोमेन थांबवावे लागते. मेल स्पॅममध्ये पडलेला असतो. लिंकवर क्लिक केले की डोमेन पुन्हा चालू होते. पंधरवड्यापूर्वी घेतलेले डोमेन अचानक बंद पडले तर शोध बहुतेक वेळा इथेच संपतो.

‘ऑटो-रिन्यू चालू होते, तरी संपले कसे?’ हा भारतातला नेहमीचा प्रश्न आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप कापायच्या रकमेसाठी ई-मँडेट (रक्कम कापायची आगाऊ परवानगी) नोंदवावे लागते, आणि रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. ओटीपीशिवाय कापण्याची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. परदेशी रजिस्ट्रारकडे वर्षांपूर्वी साठवलेल्या कार्डावर असे मँडेट नसेल तर पॅनेलमध्ये ऑटो-रिन्यू हिरवे दिसत राहते आणि बँक व्यवहार नाकारते. हिरव्या बटणावर विसंबू नका. मुदतीच्या महिनाभर आधी स्वतः पैसे भरा, जमल्यास एकदम तीन वर्षांचे.

दुसरी खोड त्याहून वाईट. रजिस्ट्रारकडे नोंदवलेला ईमेल त्याच डोमेनवरचा असतो. डोमेन बंद पडले की मेल बंद, मेल बंद म्हणून मुदतीची सूचना आणि पासवर्ड बदलायची लिंक दोन्ही बंद. रजिस्ट्रारकडे नेहमी वेगळ्या सेवेवरचा, रोज उघडला जाणारा ईमेल द्या.

आणि डोमेन नूतनीकरणाचे ‘बिल’ अनोळखी कंपनीकडून आले तर ते बाजूला ठेवा. लुकअपमध्ये दिसणारा रजिस्ट्रार सोडून दुसरा कुणी पैसे मागत असेल, तर तो डोमेन स्वतःकडे वळवू पाहतोय किंवा निव्वळ फसवतोय.

३. डीएनएस: तुम्ही बदल करताय तिथून उत्तर जातेय का?

इथे सावकाश जा. पुन्हा पुन्हा होणाऱ्या बिघाडांचा मोठा वाटा इथलाच असतो.

डीएनएसच्या नोंदी संपादित करायची जागा तीन ठिकाणी दिसते: रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये, होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचे पॅनेल) आणि असल्यास क्लाउडफ्लेअरमध्ये. तिन्हीकडे झोन, म्हणजे डोमेनच्या नोंदींची यादी, उघडतो, नोंद बदलता येते, ‘सेव्ह झाले’ असा संदेशही येतो. पण जग ऐकते ते फक्त नेमसर्व्हर जिथले आहेत त्याच झोनचे. बाकी दोन जागी केलेला बदल म्हणजे पाण्यावर रेघ. ‘ए रेकॉर्ड बदलून तीन दिवस झाले, काहीच होत नाही’ (ए रेकॉर्ड म्हणजे साइट कुठल्या आयपीवर आहे ते सांगणारी नोंद) असे कुणी म्हणाले की पहिला प्रश्न हाच विचारायचा: नेमसर्व्हर कुठले आहेत?

ते बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एनएसलुकअप’ ही कमांड आहे. ती नको असेल तर गूगलच्या ॲडमिन टूलबॉक्समधले ‘डिग’ हे पान वापरा, फोनवरही चालते. डोमेन टाका आणि एकेक प्रकार निवडून उत्तरे वहीत उतरवा: एनएस (नेमसर्व्हर), ए, एएएए (आयपीव्ही६चा, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता), एमएक्स (मेल कुठे जायचे), टीएक्सटी (इतर मजकूर). मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून ए आणि सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे दाखवणारी नोंद).

आता वाचन.

एनएसच्या उत्तरात आलेली नावे कुणाची आहेत ते ओळखा. इथून पुढे बदल करायचा तो त्याच पॅनेलमध्ये.

ए नोंदीचा आयपी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये दिसणाऱ्या आयपीशी जुळतो का? क्लाउडफ्लेअरचे नारिंगी ढगाचे चिन्ह चालू असेल तर जुळणार नाही, कारण तिथे क्लाउडफ्लेअरचाच आयपी दिसतो. तेव्हा आतली नोंद त्यांच्या पॅनेलमध्ये बघा.

ए नोंदी दोन आहेत का, एक जुन्या सर्व्हरची आणि एक नव्याची? मग पाहुणे कधी इकडे तर कधी तिकडे जातात. ‘रिफ्रेश केले की येते, पुन्हा जाते’ या लक्षणाचे हे सर्वांत साधे कारण. जुनी काढून टाका.

एएएए नोंद कुणी बघत नाही, आणि तीच रडवते. सर्व्हर बदलताना ए बदलतात, एएएए, म्हणजे आयपीव्ही६चा पत्ता, जुन्या सर्व्हरचाच राहतो. भारतातली मोबाइल नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही६वर चालतात, जिओ तर सुरुवातीपासून. घरच्या ब्रॉडबँडवर आयपीव्ही६ नसेल तर साइट नव्या सर्व्हरवरून नीट उघडते, आणि फोनवरचे ग्राहक जुन्या बंद सर्व्हरवर जाऊन आपटतात. मालक स्वतः लॅपटॉपवर तपासतो, सगळे छान दिसते. नवीन होस्टिंग आयपीव्ही६चा पत्ता देत असेल तर तो टाका, देत नसेल तर नोंद पूर्ण काढा.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंद वेगळी असते. मूळ डोमेनची ए नोंद बदलली म्हणून ती आपोआप बदलत नाही, जोवर ती मूळ नावाकडे दाखवणारी सीनेम नसते.

आणि डीएनएससेक, म्हणजे डीएनएसचे उत्तर खरे आहे हे सहीवरून तपासायची सोय. जुन्या डीएनएसवर ते चालू असेल तर रजिस्ट्रारकडे ‘डीएस’ नावाची नोंद असते. नेमसर्व्हर बदलले आणि डीएस तशीच राहिली, तर नव्या उत्तरांची सही जुन्या किल्लीशी जुळत नाही. सही तपासणारे रिझॉल्व्हर (तुमच्यासाठी नावाचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर), उदाहरणार्थ गूगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१, ‘सर्व्हफेल’ म्हणून नकार देतात. न तपासणाऱ्यांकडे साइट उघडते. मुंबईतला एक म्हणतो चालू, पुण्यातला दुसरा म्हणतो बंद, आणि दोघांचे इंटरनेट एकाच दर्जाचे. अशा वेळी रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये डीएनएससेक विभाग उघडून डीएस नोंद काढा. .कॉमसाठी ती नोंद जगभरच्या कॅशमधून जायला २४ तासांपर्यंत लागू शकतात. योग्य क्रम उलटा आहे: आधी डीएस काढा, एक दिवस थांबा, मग नेमसर्व्हर बदला.

थांबायचे किती? प्रत्येक नोंदीला टीटीएल नावाचा सेकंदांचा आकडा असतो, तेवढा वेळ जुने उत्तर साठवून ठेवायची मुभा असते. सीपॅनेलमध्ये तो सहसा १४४०० असतो, म्हणजे चार तास. .कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरच्या नोंदीचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास. ‘४८ तास वाट बघा’ हे सपोर्टचे ठरलेले वाक्य तिथून आले आहे. नुसती ए नोंद बदलली असेल तर त्या वाक्यावर दोन दिवस घालवायची गरज नाही. ठरवून सर्व्हर बदलायचा असेल तर आदल्या दिवशीच ए नोंदीचा टीटीएल ३०० करून ठेवा. बदल झाल्यावर तुमच्याच कॉम्प्युटरला जुने आठवत असेल तर विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ला ‘फ्लशडीएनएस’ जोडून कॅश रिकामा करा. गूगल आणि क्लाउडफ्लेअर या दोघांची सार्वजनिक डीएनएस कॅश रिकामी करायची पानेही आहेत.

देवनागरी डोमेन असेल, म्हणजे .भारत, तर डीएनएस आणि होस्टिंगच्या पॅनेलमध्ये नाव बहुतेक ठिकाणी एक्सएनने सुरू होणाऱ्या रोमन रूपातच टाकावे लागते. ऱ्हस्व-दीर्घ बदलले तर ते वेगळेच डोमेन होते, म्हणून नाव हाताने टाइप न करता रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून कॉपी करा.

४. साइट चालू, मेल बंद

नेमसर्व्हर बदलले की जुन्या झोनमधल्या एमएक्स आणि टीएक्सटी नोंदी मागे राहतात. नव्या झोनमध्ये त्या हाताने घालाव्या लागतात. म्हणूनच वरच्या नोंदी आधी वहीत उतरवायला सांगितल्या.

थोडे लपलेले प्रकरण असे: एमएक्स नोंद मूळ डोमेनकडेच दाखवते. तुम्ही फक्त ए नोंद बदलून साइट नव्या सर्व्हरवर नेली, पण एमएक्सही त्याच नावामागे चालत नव्या सर्व्हरवर गेली, जिथे मेलबॉक्सच नाहीत. ‘मेल’ नावाचे वेगळे सबडोमेन करून त्याची ए नोंद जुन्या सर्व्हरवर ठेवा आणि एमएक्स त्याकडे वळवा. क्लाउडफ्लेअरवर या सबडोमेनचा ढग करडा ठेवा. नारिंगी ढगामागून मेल जात नाही.

संपर्क फॉर्मचे मेल येत नाहीत, बाकी सगळे येतात? मेल गूगल वर्कस्पेससारख्या सेवेवर असेल तर सीपॅनेलच्या ‘ईमेल रूटिंग’मध्ये ‘रिमोट’ निवडा. ‘लोकल’ असेल तर सर्व्हर तुमच्या डोमेनचे मेल बाहेर न पाठवता स्वतःकडेच टाकतो. एसपीएफची (तुमच्या डोमेनवरून मेल कुणी पाठवायचे ते सांगणारी) टीएक्सटी नोंद एकच असावी, दोन झाल्या तर दोन्ही निरुपयोगी. आणि तिच्यातून होणारे डीएनएस शोध दहापेक्षा जास्त नसावेत.

५. सर्टिफिकेट

दर तीन महिन्यांनी साइट ‘असुरक्षित’ होत असेल तर लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचे सर्टिफिकेट आपोआप नवे होत नाही, एवढाच अर्थ. ते ९० दिवसांचे असते. जून २०२५ पासून त्यांनी मुदतीची आठवण करून देणारे ईमेलही बंद केले, त्यामुळे त्यांच्याकडून आता आगाऊ सूचना येत नाही.

सीपॅनेलमध्ये ‘एसएसएल/टीएलएस स्टेटस’ उघडा आणि ‘रन ऑटोएसएसएल’ दाबा. अयशस्वी झाले तर तिथे नावापुढे कारण लिहून येते, ते वाचा. नेहमीची कारणे चार: त्या यादीतले एखादे सबडोमेन दुसऱ्याच सर्व्हरकडे दाखवते, एएएए जुनी आहे (पडताळणी आयपीव्ही६ला प्राधान्य देते), पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचे दार) बंद आहे, किंवा एचटीॲक्सेस फाइलमधला एखादा नियम पडताळणीची फाइल अडवतो. डीएनएसमध्ये सीएए नोंद (सर्टिफिकेट कुठल्या संस्थेने द्यायचे ते सांगणारी) असेल आणि तिच्यात या संस्थेचे नाव नसेल, तरीही सर्टिफिकेट मिळणार नाही. कारण दूर न करता बटण दाबत बसू नका: एका तासात एका नावासाठी पाच पडताळण्या फसल्या की पुढचा काही काळ नकारच येतो.

विकत घेतलेले सर्टिफिकेट हाताने बसवत असाल तर हिशेब बदलला आहे. १५ मार्च २०२६ पासून दिल्या जाणाऱ्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, आणि मार्च २०२९ पासून ४७ दिवस. वर्षातून एकदा बसवून विसरायचे दिवस संपले. छोट्या साइटसाठी आपोआप मिळणारे मोफत सर्टिफिकेटच बरे.

‘टू मेनी रिडायरेक्ट्स’वर उपाय: क्लाउडफ्लेअरमध्ये एसएसएल ‘फ्लेक्सिबल’ असेल तर ते सर्व्हरशी साध्या एचटीटीपीवर बोलते, सर्व्हर त्याला एचटीटीपीएसकडे परत पाठवतो, आणि हे फिरत राहते. सर्व्हरवर वैध सर्टिफिकेट बसवा आणि ‘फुल स्ट्रिक्ट’ निवडा.

६. होस्टिंगच्या आत

आधी बिल. ‘अकाउंट सस्पेंडेड’ पान दिसत असेल तर पुढचे काही वाचू नका.

मग सीपॅनेलच्या उजव्या बाजूचे आकडे: डिस्क आणि फाइलसंख्या, म्हणजे आयनोड. डिस्क रिकामी असूनही आयनोड भरलेले असू शकतात, कारण प्रत्येक साठवलेला मेल ही एक फाइल असते आणि कॅश प्लगइन हजारोंनी फाइली तयार करते. जागा संपली की डेटाबेसला लिहिता येत नाही, ॲडमिनमध्ये लॉगिन होत नाही, आणि दिसते मात्र ‘डेटाबेस कनेक्शन’ची एरर. जुने बॅकअप, फुगलेली एरर_लॉग फाइल आणि भरलेला स्पॅम फोल्डर आधी साफ करा.

५०८ म्हणजे तुमच्या प्लॅनची प्रोसेसर किंवा मेमरीची मर्यादा ओलांडली. लगेच मोठा प्लॅन घेऊ नका. ‘रिसोर्स युसेज’मध्ये वेळ बघा आणि त्या वेळचा ॲक्सेस लॉग काढा. वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर किंवा एक्सएमएलआरपीसी फाइलवर बॉट धडकत असतात, ते अडवले की जुनाच प्लॅन पुरतो.

५०० किंवा ‘क्रिटिकल एरर’ असेल तर आधी बॅकअप घ्या, मग असा क्रम. एरर_लॉगची शेवटची ओळ वाचा; तिच्यात फाइलचे नाव असते आणि त्या मार्गात प्लगइनचे नावही. ॲडमिनचा मेल बघा: वर्डप्रेस ५.२ पासून अशा वेळी रिकव्हरी मोडची लिंक पाठवते. दोन्हीतून काही कळले नाही तर एचटीॲक्सेस फाइलचे नाव बदलून बघा. मग प्लगइन्स फोल्डरचे नाव बदला; साइट उघडली तर नाव पूर्ववत करून एकेक प्लगइन चालू करा. होस्टिंगने पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेवर चालते तिची) आवृत्ती वाढवली असेल तर जुनी थीम कोसळते, कारण ८.० मध्ये काही जुनी फंक्शन्स काढूनच टाकली. सीपॅनेलमध्ये आवृत्ती तात्पुरती खाली आणा, पण थीम बदलायची तारीख ठरवूनच. फोल्डरला ७५५, फाइलला ६४४; कुणी ७७७ करायला सांगितले तर ऐकू नका, त्याने बऱ्याच सर्व्हरवर उलट ५०० येतो आणि दार सताड उघडे राहते ते वेगळेच.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

- डोमेन रिडेम्प्शनमध्ये आहे आणि रजिस्ट्रारचे लॉगिन तुमच्याकडे नाही. दिवस मोजके आहेत, आजच फोन करा.
- डोमेन साइट बनवणाऱ्याच्या नावावर आहे आणि तो दाद देत नाही. हे तांत्रिक काम नव्हे. बिले, मेल, करार गोळा करून वकिलाकडे जा. .इनसाठी निक्सीची स्वतःची विवाद निवारण पद्धत आहे, .कॉमसारख्यांसाठी आयकॅनची यूडीआरपी.
- साइटवर अनोळखी भाषेतील पाने, औषधांच्या जाहिराती, किंवा फोनवर उघडले की दुसरीकडेच उडी. साइट हॅक झाली आहे. फाइली पुसत बसलात तर शिरकाव कुठून झाला याचा पुरावाही पुसाल. पासवर्ड बदला, होस्टिंगला साइट बंद ठेवायला सांगा. कंपनी असाल तर सर्ट-इनला (सायबर हल्ल्यांची दखल घेणाऱ्या सरकारी संस्थेला) सहा तासांत कळवण्याचा नियम आहे, तेही विचारात घ्या.
- डेटाबेसमध्ये ‘टेबल क्रॅश्ड’ दिसते आणि ताजा बॅकअप नाही. दुरुस्तीचे बटण दाबण्याआधी होस्टिंगकडून आदल्या दिवसाची प्रत मागा.
- स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर) आहे आणि एसएसएचने (दुरून सर्व्हरमध्ये शिरायची पद्धत) आत जाता येत नाही.

बोलावलेल्या माणसाला या गोष्टी एकत्र द्या: एररचा स्क्रीनशॉट आणि वेळ, कुठल्या नेटवर्कवर उघडते आणि कुठल्यावर नाही, लुकअपमधली तारीख आणि स्टेटस, वहीत उतरवलेल्या डीएनएस नोंदी, आणि गेल्या आठवड्यात कुणी काय बदलले. रजिस्ट्रारचा मुख्य पासवर्ड देऊ नका. बऱ्याच रजिस्ट्रारकडे आणि क्लाउडफ्लेअरवरही दुसऱ्याला मर्यादित प्रवेश देण्याची सोय असते. होस्टिंगचा द्यावाच लागला तर काम झाल्या दिवशीच बदला, आणि मेलचा बदललात तर काउंटरवरच्या त्या जुन्या कॉम्प्युटरमध्येही बदला.